घरच्या पीसीबीचा मास्क काळाकुट्ट कसा काढायचा

घरी पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा तांब्याचा बोर्ड) करायला लागलेल्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडकते. ड्राय फिल्म (तांब्यावर चिकटवायची, प्रकाशाने कडक होणारी पातळ फिल्म) नीट चिकटली, वर मास्क (सर्किटचं चित्र काळ्यात छापलेली पारदर्शक शीट) ठेवून यूव्ही दिलं, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बोर्ड टाकला, आणि जिथून फिल्म निघून तांबं दिसायला हवं तिथे निळसर साय तशीच बसलेली. मग माणूस ब्रशने घासतो, घासता घासता बारीक ट्रॅक (सर्किटच्या तांब्याच्या वाटा) पण निघून जातात, आणि शेवटी फिल्मला शिव्या घालतो. फिल्म बहुतेक वेळा चांगलीच असते हो. मास्क फिका असतो.

मी पण सुरुवातीला इस्त्री आणि ग्लॉसी पेपरवाल्या पद्धतीने (कागदावरचं प्रिंट इस्त्रीने तांब्यावर उतरवायचं) बोर्ड करायचो, तिथे टोनर (लेझर प्रिंटरची काळी पूड) थोडा फिका असला तरी चालून जायचं कारण तिथे टोनर स्वतःच तांब्याचं संरक्षण करतो. फोटो पद्धतीत टोनरचं काम वेगळं आहे, त्याला फक्त प्रकाश अडवायचा असतो, आणि तो किती अडवतोय हे डोळ्याला कळत नाही.

आधी थोडं गणित, कारण हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं. समजा तुमच्या फिल्मला पारदर्शक भागातून 3 मिनिटं यूव्ही लागतं, म्हणजे 180 सेकंद. आता तुमचा काळा भाग 20 टक्के यूव्ही गळू देतोय, तर त्या काळ्याखालच्या फिल्मला 36 सेकंदांचा डोस मिळाला, आणि तेवढ्यात ती अर्धवट कडक होते, सायीसारखी, धड निघत नाही आणि धड टिकत पण नाही. तेच दोन मास्क एकावर एक ठेवले तर 20 टक्क्यांचे 20 टक्के म्हणजे 4 टक्के, डोस आला 7 सेकंदांवर, साय गायब. छपाईवाले याला डेन्सिटी म्हणतात, डेन्सिटी 1 म्हणजे दहावा हिस्सा प्रकाश जातो, 2 म्हणजे शंभरावा, 3 म्हणजे हजारावा. आपल्याला घरी 2 च्या आसपास पोचलं तरी भरपूर झालं. आणि हो, साय राहते म्हणून वेळ वाढवणारे बरेच जण बघितलेत, उलट होतं ते, वेळ वाढवला की गळती पण त्याच प्रमाणात वाढते.

आता कामाला लागू. सगळ्यात पहिली पायरी प्रिंटरची नाही, डिझाइनची आहे, आणि नवीन लोक हीच विसरतात.

ड्राय फिल्म निगेटिव्ह असते, म्हणजे जिथे प्रकाश पडतो तिथे ती टिकते. म्हणून मास्कवर ट्रॅक पारदर्शक आणि बाकी सगळं मैदान काळं. आता लेझर प्रिंटरला मोठं काळं मैदान छापणं नीट जमतच नाही, बारीक रेघ आणि अक्षरं तो छान गडद काढतो पण चार बोटं रुंद काळा चौकोन दिला की मधे फिका, कडेला गडद, वर पांढरे ठिपके. मग उपाय काय, तर मैदानच कमी करा. बोर्डवर ग्राउंडचं कॉपर पोअर (मोकळी जागा भरणारं, ग्राउंडला जोडलेलं तांबं) टाका, किकॅडमध्ये (बोर्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर) झोन काढून ग्राउंड नेट दिलं की झालं. मोकळी जागा तांब्याने भरली म्हणजे मास्कवर ती पारदर्शक झाली, काळं उरलं फक्त ट्रॅकच्या दोन्ही बाजूच्या गॅपमध्ये, अर्ध्या मिलिमीटरच्या बारीक पट्ट्या, आणि त्या प्रिंटर झकास काढतो. वरून फेरिक क्लोराइड (नको असलेलं तांबं खाणारं रसायन) पण कमी लागतं कारण खायला तांबंच थोडं असतं. काळं वाढवायच्या आधी काळं कमी करा, माझ्या मते अर्धी लढाई इथेच जिंकली जाते. सुरुवातीला गॅप आणि ट्रॅक दोन्ही 0.4 मिमी ठेवा, हात बसला की 0.3 किंवा 0.25 वर या.

तयार सेन्सिटिव्ह बोर्ड (प्रकाशाला संवेदनशील लेप आधीच लावलेले) वापरत असाल, म्हणजे पॉझिटिव्हवाले, तर उलटं असतं, ट्रॅक काळे आणि मैदान पारदर्शक. तिथे काळं आधीच कमी, पण मास्क फिका असला तर ट्रॅकच पातळ होतात किंवा त्यात भोकं पडतात. बोर्ड घेताना कुठला आहे ते दुकानदाराला विचारा, आणि तो "दोन्हीला चालतो" म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

मिररचा घोळ इथेच मिटवून टाकू. नियम एकच, टोनरची बाजू बोर्डच्या फिल्मला चिकटली पाहिजे, मधे प्लॅस्टिकची जाडी नको, नाहीतर प्रकाश तिरका आत शिरतो आणि कडा पुसट होतात. त्यासाठी खालच्या लेयरचं (बोर्डच्या खालच्या बाजूच्या तांब्याचं) प्रिंट मिरर न करता आणि वरच्या लेयरचं मिरर करून काढायचं. कागदावर एक अक्षर लिहून उलटवून बघा, लगेच पटेल. बोर्डवर कुठेतरी तांब्यात छोटं नाव लिहून ठेवा, मास्क बोर्डवर ठेवल्यावर नाव सरळ वाचता आलं तर बरोबर.

फाइल नेहमी पीडीएफ काढा. जेपीजी नको, त्यात कडेला करडे पिक्सेल येतात आणि प्रिंटर करड्याचे ठिपके करतो, ठिपके म्हणजे भोकं. निगेटिव्ह करायला सॉफ्टवेअरमध्ये पर्याय सापडला तर उत्तम, नाहीतर इंकस्केपमध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) फाइल उघडून मागे काळा चौकोन टाका आणि ट्रॅक पांढरे करा. काळा म्हणजे पूर्ण काळा, गडद राखाडी नाही, रंगाच्या खान्यात तिन्ही आकडे 0, 0, 0 आहेत ना ते बघा.

मग प्रिंटर. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये टोनर सेव्ह किंवा इकॉनॉमी काही चालू असेल तर बंद. डेन्सिटीचा स्लायडर असेल तर शेवटपर्यंत. रिझोल्यूशन 1200 असेल तर 1200, नाहीतर 600 पण चालतं. कागदाच्या प्रकारात ट्रान्सपरन्सी निवडा. ते नसेल तर जाड कागद निवडून बघा, बऱ्याच प्रिंटरमध्ये त्याने फ्युझर (टोनर वितळवून चिकटवणारा गरम रोलर) जास्त तापतो किंवा कागद हळू सरकतो, टोनर जास्त वितळून पसरतो आणि त्यातली बारीक भोकं बुजतात. "फिट टू पेज" बंद, स्केल बरोबर 100. साध्या कागदावर आधी एक प्रिंट काढून त्यावर 40 पायांची आयसी (चिप) ठेवा, पहिल्या आणि विसाव्या पायामधलं अंतर 48.26 मिमी असतं, पाय भोकांवर बसले तर स्केल बरोबर. आयसी नसेल तर फाइलमध्ये 100 मिमीची रेघ टाकून पट्टीने मोजा.

घरी प्रिंटर नसेल तर झेरॉक्सवाला आहेच. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली की सत्यानाश. आणि कार्ट्रिज रिफिल केलेलं असेल तर बऱ्याचदा काळं करडंच येतं, अशा वेळी दोन-तीन दुकानांत फिरून एकेक काळा चौकोन काढून घ्या, ज्याचा सगळ्यात गडद तो तुमचा कायमचा झेरॉक्सवाला. लग्नपत्रिका आणि स्क्रीन प्रिंटिंगची कामं करणारे डीटीपीवाले असतील तर त्यांच्याकडे जा, त्यांना "ट्रेसिंगवर डार्क पॉझिटिव्ह पाहिजे" एवढं सांगितलं की पुढचं त्यांना कळतं, त्यांचं रोजचं काम आहे ते.

शीट कुठली घ्यायची यावर जरा थांबतो, कारण इथे मी एकदा मोठा गाढवपणा केलाय. घरात पडलेली एक ओएचपी शीट (प्रोजेक्टरची पारदर्शक प्लॅस्टिक शीट) घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो, काकांनी विचारलं लेझरचीच आहे ना, मी म्हटलं हो हो, आणि ती निघाली इंकजेटची. इंकजेटच्या शीटवर एका बाजूला शाई शोषायचा लेप असतो, तो फ्युझरच्या उष्णतेत मऊ होऊन रोलरला चिकटला, शीट आत गुंडाळली गेली, आणि काकांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. चूक माझीच. तर पाकिटावर लेझर किंवा कॉपियर लिहिलेलीच शीट घ्या. ती पॉलिस्टरची असते, फ्युझरची उष्णता सहन करते. स्टेशनरीच्या दुकानात फायलींच्या कव्हरसाठी मिळणारी स्वस्त पारदर्शक शीट पीव्हीसीची असू शकते, ती प्रिंटरच्या जवळ पण नेऊ नका.

दुसरा पर्याय ट्रेसिंग पेपर, आर्किटेक्चरची पोरं गेटवे म्हणतात तो. 90 जीएसएमचा घ्या, पातळ असला की प्रिंटरमध्ये अडकतो. त्यावर टोनर प्लॅस्टिकपेक्षा छान धरतो आणि काळं जास्त भरीव येतं, स्वस्त पण आहे. तोटा असा की कागद स्वतःच थोडं यूव्ही खातो आणि प्रकाश पसरवतो, म्हणजे वेळ वाढवावा लागतो, आणि पावसाळ्यात दमट हवेत तो फुगतो, सकाळी काढलेला मास्क संध्याकाळी आयसीच्या भोकांना जुळत नाही. नवीन माणसाला मी तरी आधी ट्रेसिंगच सुचवेन, 0.3 मिमीपर्यंत काही अडत नाही.

इंकजेट असेल तर त्याची शीट खरखरीत बाजूवर छापायची, आणि शाई पिगमेंटवाली (रंगाचे घन कण असलेली) असली तर बरं. डायवाली (विरघळलेल्या रंगाची) काळी शाई डोळ्याला काळीकुट्ट दिसते पण यूव्हीला काही वेळा काचेसारखी असते. टोनरमध्ये कार्बन असतो, तो यूव्ही पण अडवतो, म्हणून लेझरमध्ये हा धोका नाही, तिथे भानगड फक्त भोकांची आणि पातळ थराची.

आता मास्क हातात आला, लगेच बोर्डवर ठेवू नका. मोबाइलचा टॉर्च लावून अंधारात मास्क त्याच्यावर धरा. भोकं असतील तर आकाशात तारे दिसावेत तशी दिसतील. मग दुसरी टेस्ट, नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च मिळतो तो घ्या, एका साध्या पांढऱ्या प्रिंटिंगच्या कागदावर मारा. कागदात चमक आणणारी रसायनं असतात त्यामुळे तो निळा उजळतो. आता मधे मास्कचा काळा भाग धरा. कागद काळा पडला तर मास्क चांगला, अंधुक निळा दिसत राहिला तर यूव्ही गळतंय. शाईचं खरं रूप इथेच कळतं. टॉर्च डोळ्यात मारून घेऊ नका तेवढं.

दोन्ही टेस्टमध्ये पास झाला तर पुढे जा, नापास झाला तर दोन औषधं आहेत.

पहिलं औषध अ‍ॅसिटोनची वाफ. टोनर म्हणजे शेवटी प्लॅस्टिकची पूड आणि कार्बन, अ‍ॅसिटोनच्या वाफेत ते प्लॅस्टिक मऊ होऊन किंचित वाहतं, कण एकमेकांना चिकटतात आणि मधली भोकं बुजतात. करडा दिसणारा टोनर डोळ्यांदेखत काळा होतो, पहिल्यांदा बघताना मजा येते. करायचं असं: झाकणाचा स्टीलचा किंवा काचेचा पसरट डबा घ्या, जो पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही असा. तळाला टिश्यू पेपर पसरून त्यावर चमचाभर अ‍ॅसिटोन, ओला व्हायला हवा, डबकं नको. मास्क झाकणाच्या आतल्या बाजूला टेपने चिकटवा, टोनर खाली तोंड करून, टिश्यूपासून तीन-चार बोटं वर. झाकण लावा आणि घड्याळ बघा. दोन मिनिटांनी उघडून बघा, फरक नसेल तर अजून एकेक मिनिट. माझ्याकडे साधारण तीन-चार मिनिटांत होतं पण प्रत्येक कंपनीचा टोनर वेगळा, थंडीत जास्त वेळ लागतो, म्हणून आधी त्याच प्रिंटमधला एक कोपरा कापून त्याच्यावर प्रयोग करा. जास्त वेळ ठेवलं की कडा सुटतात, शेजारच्या दोन रेघा गळाभेट घेतात. आणि अ‍ॅसिटोनचा एक थेंब जरी टोनरवर पडला तरी तिथे काजळ फासल्यासारखं होतं, ते दुरुस्त होत नाही. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, टोनर चिकट असतो.

सावधगिरी नीट वाचा. अ‍ॅसिटोन भयंकर पेटतं, साध्या घरातल्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. स्वयंपाकघरात गॅस, देवघरात दिवा, उदबत्ती, यातलं काही जवळपास चालू नको. गॅलरीत करा. डबा गरम करून काम लवकर उरकायची अक्कल चालवू नका. नेलपॉलिश रिमूव्हर वापरायचा तर बाटलीवर वाचा, बरेच आता अ‍ॅसिटोन नसलेले येतात आणि त्याने काही होत नाही. रंगवाल्यांचा थिनर पण टोनर विरघळवतो, पण त्याची वाफ डोक्यात जाते आणि परिणाम पण एकसारखा मिळत नाही, मी सोडून दिला.

दुसरं औषध म्हणजे दोन थर. एकाच फाइलचे दोन प्रिंट काढून एकावर एक चिकटवायचे. वर गणितात बघितलं तसं गळती एकदम खाली येते, आणि एका थरातलं भोक दुसऱ्यातल्या भोकावरच येईल असं क्वचित होतं. अडचण जुळवण्याची. फ्युझरमध्ये शीट तापते आणि जराशी आकसते, आणि ती लांबीत आणि रुंदीत सारखी आकसत नाही, म्हणून दोन्ही प्रिंट पानावर एकाच दिशेने आणि जमलं तर पानाच्या त्याच जागी घ्या. एक पान आडवं, एक उभं असं केलंत तर एका कोपऱ्यात जुळेल आणि दुसऱ्यात सुटेल. कोरी शीट आधी एकदा प्रिंटरमधून फिरवून घेतली, म्हणजे रिकामं पान प्रिंट केलं, तर तिचं आकसणं आधीच उरकतं. तीच शीट परत घालून त्याच चित्रावर दुसऱ्यांदा छापायची कल्पना सगळ्यांना सुचते, मला पण सुचली होती, प्रिंटर कागद दर वेळी केसभर वेगळा ओढतो, नाही जमत.

जुळवताना चारही कोपऱ्यांत बोर्डच्या बाहेर + अशी चिन्हं टाका, खालचा थर खिडकीच्या काचेला टेपने चिकटवा, दिवसाचा उजेड मागून येतो, वरचा थर सरकवत चारही चिन्हं एकत्र आणा आणि एका कडेला टेप मारा, वहीच्या पानासारखं. दोन्ही थरांचा टोनर एकाच बाजूला, बोर्डच्या दिशेने. आणि एक युक्ती जी मला बरीच वर्षं सुचली नव्हती: वरच्या थरात ट्रॅक जरा जाड करा, प्रत्येक बाजूने 0.05 मिमी. म्हणजे कडा ठरवतो फक्त बोर्डला चिकटलेला खालचा थर, वरचा फक्त मैदानाला काळेपणाची भर घालतो, आणि तो किंचित सरकला तरी ट्रॅक कापला जात नाही. पॉझिटिव्ह मास्क असेल तर उलट, वरच्या थरात ट्रॅक तेवढेच बारीक करा.

उरलेसुरले ठिपके मार्करने भरता येतात, पण मार्करची शाई पण आधी त्या यूव्ही टॉर्चखाली तपासा, सगळे मार्कर यूव्ही अडवत नाहीत. आणि ठिपक्यांसाठी फार जीव पण काढू नका. निगेटिव्ह मास्कमध्ये मैदानातल्या भोकामुळे बोर्डवर तांब्याचा एक कण राहतो, बस, दोन ट्रॅकच्या मधे असेल तर ब्लेडने खरवडा. पॉझिटिव्हमध्ये मात्र ट्रॅकवरचं भोक म्हणजे ट्रॅकलाच खड्डा, तिथे जास्त लक्ष द्या.

आता मास्क खरंच किती चांगला झाला ते एकदाच नीट मोजून ठेवायचं. टाकाऊ तुकड्यावर ड्राय फिल्म लावा, आतलं मऊ आवरण काढून चिकटवायची आणि बाहेरचं कडक आवरण तसंच ठेवायचं, हे सगळं ट्यूबलाइट बंद करून पिवळ्या दिव्यात. तुकड्यावर मास्कचा असा भाग ठेवा ज्यात काळं पण आहे आणि पारदर्शक पण. वर साधी काच, चारी बाजूंनी क्लिपा. मग पुठ्ठ्याने झाकत झाकत पट्ट्या पाडा, पहिल्या पट्टीला 1 मिनिट, पुढच्यांना 2, 4, 8. माझ्याकडे 36 वॅटचा नखांचा (नेलपॉलिश सुकवायचा) यूव्ही लॅम्प आहे, त्याला ओएचपीतून दोन-अडीच मिनिटं लागतात, पण हा आकडा उचलू नका, तुमचा दिवा आणि अंतर वेगळं.

दहा-पंधरा मिनिटं थांबून बाहेरचं आवरण काढा आणि सोड्याच्या पाण्यात टाका. प्रमाण 1 टक्का, लिटरला 10 ग्रॅम, पण धुण्याचा सोडा कोरडी भुकटी असेल तर. खड्यांचा सोडा असेल तर त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, तो साधारण 27 ग्रॅम लागतो, बऱ्याच जणांचं डेव्हलपर (हेच सोड्याचं पाणी) इथेच पातळ होतं आणि दोष जातो मास्कला. खायचा सोडा चालत नाही. पाणी कोमट, 30 अंशांच्या आसपास.

आता पट्ट्या वाचा. पारदर्शक भाग ज्या पट्टीत पहिल्यांदा घट्ट टिकला, ती तुमची वेळ, समजा 2 मिनिटं आली. मग काळ्या भागाखाली बघा, 8 मिनिटांच्या पट्टीत पण फिल्म स्वच्छ धुऊन गेली तर तुमच्याकडे चौपट मार्जिन आहे, मास्क उत्तम, पुढे डोळे झाकून वापरा. 4 मिनिटांतच साय दिसली तर काम निघेल पण रोज कटकट होणार, वाफ किंवा दुसरा थर लावा. 2 मिनिटांतच साय असेल तर मास्क फेकून द्या. धुवायच्या आधी पण अंदाज येतो, ड्राय फिल्म प्रकाश लागला की जास्त गडद होते, मास्क उचलल्यावर काळ्याखालची फिल्म कोऱ्या फिल्मपेक्षा गडद दिसली तर गळती आहेच.

ही टेस्ट प्रत्येक प्रिंटर आणि शीटच्या जोडीला एकदा करून तुकड्यावर तारीख, शीट आणि वेळ लिहून ठेवा. कार्ट्रिज बदललं की परत.

चांगला जमलेला मास्क पुढच्या बोर्डांना पण वापरता येतो, फक्त तो प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवू नका. त्या पीव्हीसीला महिन्याभरात टोनर चिकटतो, शीट उचलली की निम्मं सर्किट फाइलवर राहतं. साध्या कागदाच्या दोन पानांमध्ये, जाड पुस्तकात ठेवा.